तरंगणाऱ्यांना हात लावू नये

लॅबमध्ये रिझल्टपेक्षा किस्से जास्त साठतात आणि त्याला कारण आहे. रिझल्ट पुन्हा पुन्हा तपासावा लागतो. दुसऱ्यानं करून पाहिला तरी तोच यावा लागतो. किस्सा मात्र एकदाच घडला तरी चालतो. उलट दुसऱ्यानं सांगितला की तो थोडा वेगळा येतो, आणि बहुतेक वेळा जास्त बरा येतो! आमच्या फ्रीझरमध्ये नवी नळी ठेवायला जागा नाही, पण दुपारी डबे उघडले की एखादा जुना किस्सा गोठलेला असतो तो वितळून ताजा होतोच.

आधी माणसं सांगते. फार नाहीत. आमची लॅब अमरावतीत. लॅब म्हणजे दोन खोल्या, एक इनक्युबेटर, एक मायक्रोस्कोप आणि आम्ही तिघी. मॅडम आमच्या गाइड. कमी बोलतात, पण बोलल्या की समोरच्याला पाणी प्यावंसं वाटतं. रेहाना माझ्यासोबतची, अकोल्याची, कशालाच न घाबरणारी. आणि मी प्रणिता. सासर अकोल्याचं, नवरा नोकरीनं तिकडेच, मी लेकीला घेऊन अमरावतीत. लेक केजीत. पीएचडी ‘होत आलीय’ या अवस्थेत. ही अवस्था लेकीच्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. काळजी करण्यात मात्र मी पीएचडी केव्हाच पूर्ण केलीय.

काम अन्ननलिकेच्या कॅन्सरचं. आमच्या भागात खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, कोण खातं हे विचारायचं नसतं, कोण खात नाही हे विचारायचं असतं. त्यामुळे सॅम्पलची वाण नाही, हे सांगताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

एवढं एक समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं समजेल. गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. बऱ्याचशा औषधानं मरतात. पण थोड्याच अशा असतात की गाठ कापली, केमो दिला, तरी कुठंतरी दबून राहतात. पुढं पुन्हा गाठ उभी करतात, नाहीतर जागा सोडून लिव्हरला, फुप्फुसाला जाऊन बिऱ्हाड करतात. त्या कॅन्सर स्टेम सेल. साध्या पेशीला टेकायला जागा लागते. तळाला चिकटली तर जगते, सुटली की मरते. स्टेम सेल मात्र कशालाही न टेकता द्रावणात तरंगत जगते, आणि तिचे बारीक गोळे होतात. जिचं आधारावाचून अडत नाही, तीच शरीरभर फिरू शकते. हे गोळे हाती आले, तर कॅन्सर पसरतो कसा आणि थांबेल कशानं, हे विचारता येतं.

आता आमची अडचण. आमच्या प्रोजेक्टवर नजर ठेवायला एक कमिटी आहे. त्यातले पुण्याहून येणारे एक सर पहिल्यापासून म्हणायचे की बाहेर तयार पेशी, म्हणजे ‘सेल लाइन’, मिळतात, त्या मागवा, वऱ्हाडातल्या पेशंटच्या गाठी कशाला वाढवत बसता, एवढ्या लहान लॅबमध्ये ते व्हायचं नाही. गेल्या रिव्ह्यूत त्यांनी शेवटची मुदत दिली. पुढच्या रिव्ह्यूपर्यंत इथल्या पेशंटच्या गाठीतले तरंगणारे जिवंत गोळे दाखवा, नाहीतर प्रोजेक्ट बंद. प्रोजेक्ट बंद म्हणजे माझी पीएचडीही बंद. लेक पहिलीत जाईपर्यंत तरी आईचं शिक्षण संपावं, एवढी माझी माफक इच्छा. तीही गेली असती.

तर, किस्से.

*

मुदत मिळाल्यानंतरचं पहिलं सॅम्पल मे महिन्यात आलं. ऑपरेशन अकोल्याच्या हॉस्पिटलात, लॅब अमरावतीत, आणि मधल्या रस्त्यावर ऊन. संस्थेची गाडी नेमकी आरोग्य शिबिरासाठी धारणीला गेलेली. मेळघाटात गेलेली गाडी कधी परतेल, हे ड्रायव्हरही सांगत नाही. म्हणून रेहाना आणि मी बर्फाचा डबा मांडीवर घेऊन एसटीत बसलो. डब्यात एक नळी, नळीत वाटाण्याएवढा तुकडा, भोवती बर्फ.

शेजारच्या काकूंनी विचारलं, कुल्फी आहे का. मी म्हटलं, नाही, सॅम्पल आहे. त्या म्हणाल्या, मग सॅम्पल म्हणून तरी द्या.

बोरगाव मंजू मागे पडलं आणि समोरच्या सीटवरचे एक आजोबा बसल्या जागी कलंडले. ऊन लागलं होतं. कुणी पाणी शिंपडलं, कुणी पदरानं वारा घातला, आणि मग सगळी बस आमच्या डब्याकडे बघायला लागली. मी डबा पोटाशी धरला. रेहानानं तो माझ्याकडून काढून घेतला, उघडला, ओंजळ ओंजळ बर्फ ओढणीत बांधून आजोबांच्या मानेला आणि काखेत लावला. नळीपाशी उरला तो ओलसर तळ.

मूर्तिजापूरच्या स्टँडवर आजोबा उठून बसले आणि त्यांनी चहा मागितला. तोवर रेहाना पळत रसवंतीवर पोचली होती. रसवाला म्हणाला, नुसता बर्फ इकत नाही. मग रस घेतला, तो आजोबांना पाजला, आणि वरचा बर्फ डब्यात भरला. त्या बर्फाला उसाचा वास होता. आमचं सॅम्पल थंडगार अमरावतीला पोचलं.

आणि चौथ्या-पाचव्या दिवशी त्यात बुरशी धरली. गेलं.

रेहानाच्या अम्मीनं फोनवर समजूत घातली, “सॅम्पल गया तो गया, सवाब तो मिल गया ना बेटा.” सवाब म्हणजे पुण्य. रेहानानं ते मॅडमना सांगितलं. मॅडम मान वर न करता म्हणाल्या, “सवाब रिव्ह्यूत दाखवता येत नाही.”

*

पेशींच्या कामात काही सवयी हाताला लागतात. उघड्या भांड्यावरून हात न्यायचा नाही. झाकण काढलं की हातातच धरायचं. उघड्या बाटलीवर तोंड करून बोलायचं नाही. बाहेरचं काही शिवलं की पुन्हा हात स्वच्छ करायचे. पुढंपुढं हे सगळं आपण करतोय, हेही कळत नाही.

सासूबाईंकडे अकोल्याला महालक्ष्म्या बसतात. त्या दिवशीचं सोवळं कडक. माझ्याबद्दल सासूबाईंचं मत तोवर ‘शिकली हाये, पन घरात ध्यान नाही’ असं होतं, आणि ते मलाही साधारण मान्य होतं. त्या दिवशी मला आंबिलीच्या पातेल्यापाशी उभं केलं. जावेनं मीठ मागितलं तर मी तोंड बाजूला वळवून उत्तर दिलं. डाव घेताना हात वळसा घालून नेला. मोबाइल वाजला म्हणून शिवले, तर पुन्हा हात धुऊन आले.

संध्याकाळी आलेल्या बायकांना सासूबाई सांगत होत्या, “आमची प्रणिता पाहा. पातेल्यावर शब्द बोलत नाही. असं सोवळं तं माह्या सासूचंबी नव्हतं.”

मी खाली मान घालून पुरणपोळी खात राहिले. हे सोवळं मी कॅन्सरच्या पेशींकडून शिकले, हे त्या गर्दीत कसं सांगणार? पण माझ्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं. आणि हेही, की रेहाना हे सगळं माझ्यापेक्षा चोख करते.

सासूबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मला वाटलं, आता संपलं. मग म्हणाल्या, “मंग पुढच्या साली तिलेबी बोलाव. सोळा भाज्या चिराच्या असतात. तुमी दोघी असल्या तं हात धू, हात धू म्हनून कोनाच्या मांगं लागा लागनार नाही.”

पुढच्या वर्षी रेहाना खरंच गेली. भाज्या चिरून झाल्यावर तिनं सुरी ज्या पद्धतीनं पुसली, ती सासूबाई अजून करून दाखवतात.

*

त्या पावसाळ्यात एकामागून एक सॅम्पल मरत होती. कधी बुरशी, कधी नुसतीच मलूल होऊन तळाला बसायची. मी घरी येऊन गप्प बसायचे आणि लेक विचारायची, आज खाल्लं का त्यांनी? तिच्या लेखी मी रोज कुणालातरी भरवायला जाते. आम्हीही लॅबमध्ये ‘पेशींना भरवायचं’ असंच म्हणतो. ताजं द्रावण घालणं म्हणजे भरवणं.

एक दिवस शाळेतून फोन. लगेच येऊन भेटा. मी रस्ताभर पडलेली, भाजलेली, हरवलेली अशी सगळ्या प्रकारची लेक डोळ्यांपुढे आणली. पोचले तर लेक झोपाळ्यावर. टीचर मात्र गंभीर.

झालं होतं असं की ‘माझी आई’ या विषयावर सगळ्यांना एकेक वाक्य बोलायला लावलं. कुणाची आई स्वयंपाक करते, कुणाची बँकेत जाते. आमची उभी राहून म्हणाली, “माझी आई कॅन्सरला खाऊ देते. तो मोठा नाही झाला की रडते.”

मी टीचरना समजावून सांगितलं. गोळे, तरंगणं, पसरणं, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, “मग अजून मोठा झाला नाही का?”

म्हटलं, “नाही ना.”

“रडू नका,” त्या म्हणाल्या. “होईल.”

कॅन्सर वाढावा म्हणून मला शुभेच्छा देणारी ती पहिली बाई.

*

आता वच्छलाबाई. नाव बदललंय. आमच्याकडे सॅम्पलला नाव नसतंच, नंबर असतो. पण संमती घ्यायला मी स्वतः अकोल्याला जायचे, त्यामुळे माणूस माहीत असायचं. वच्छलाबाई धामणगाव रेल्वेच्या बाजूच्या एका गावच्या. घरची काळी जमीन, कपाशी-तूर. लेक अकोल्याला दिलेली म्हणून ऑपरेशन अकोल्याला. घास तर सोडाच, पाण्याचा घोट उतरायला त्यांना मान वाकडी करावी लागत होती, पण बोलणं बाहेर पडायला काही अडचण नव्हती.

मी सांगितलं, मावशी, डॉक्टर गाठ काढतील, त्यातला एक तुकडा आम्हाला वाढवायला द्याल का?

त्या लेकीकडे वळून म्हणाल्या, “मी इथं ते काढ्याले आली, अन् हे बाई ते वाढवाले आली.”

मी शेतकऱ्याघरची, म्हणून मला सुचलं ते कुंद्याचं उदाहरण. काळ्या जमिनीतलं हे तण ज्यानं काढलंय त्याला विचारा. वरून सगळं साफ दिसतं, पण मुळाचा एक तुकडा खाली राहिला की पुन्हा उभा. आणि वखराला अडकून तो तुकडा दुसऱ्या वावरात गेला, की तिथंही उभा. म्हटलं, मावशी, गाठीतही असा कुंदा असतो. आम्हाला तोच तुकडा पाहिजे.

वच्छलाबाईंना ते पटलं, पण अर्धंच.

“कुंदा कोनी कुंडीत लावते काय वो?”

म्हटलं, “कुंडीत लावल्याशिवाय कशानं मरतो ते कळणार कसं?”

त्यांनी कागद स्वतःकडं ओढला. मग लेकीला म्हणाल्या, अंगठा नको, सही करतो मी, पेन दे. आणि मला म्हणाल्या, “लाव मंग. पन नीट ध्यान ठेव. माह्या वावरातला हाये, लयच चिवट राहीन.”

*

वच्छलाबाईंचा तुकडा आला. आम्ही तो बारीक केला, पेशी सुट्या केल्या, आणि ज्या प्लेटच्या तळाला काहीच चिकटत नाही अशा प्लेटमध्ये ठेवल्या. त्या प्लेटला आम्ही आता कुंडीच म्हणत होतो. मुदत संपत आली होती. हे बहुधा शेवटचं सॅम्पल.

आणि लेकीला ताप आला. रेहाना भावाच्या लग्नाला अकोल्यात. मी मॅडमना भीत भीत फोन केला. त्या म्हणाल्या, “पोरीजवळ बस. पेशींना मी भरवते. तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून भरवतेय.”

हे खरं होतं. आणि घोटाळा तिथंच होता. मॅडम शिकल्या त्या काळात सगळ्यांच्या पेशी तळाला चिकटून वाढायच्या. तरंगतं ते मेलेलं, ते ओढून काढून टाकायचं, तळाची ठेवायची आणि ताजं द्रावण घालायचं, हे त्यांच्या हातात इतकं बसलं होतं जितकं माझ्या हातात पातेल्यावर न बोलणं.

दुपारी त्यांचा मेसेज आला. “सगळा कचरा काढला. प्लेट एकदम स्वच्छ.”

मी लेकीच्या कपाळावरची पट्टी बदलत होते. ती तशीच हातात राहिली. आमच्या कुंडीत तळाला काहीच नसतं. जे काही असतं ते सगळं तरंगतं.

मी ‘ओके मॅडम’ लिहिलं.

लेकीचा ताप उतरला तशी मी लॅबमध्ये गेले. प्लेट मायक्रोस्कोपखाली ठेवली. खरंच एकदम स्वच्छ. रिकाम्या वाटीसारखी. रेहाना हातावर लग्नातली मेंदी घेऊन माझ्यामागं उभी होती.

मग मॅडम आत आल्या. आमचे चेहरे बघितले, प्लेट बघितली. त्यांना समजायला क्षणही लागला नाही. मी आजवर मॅडमना खुर्चीच्या पाठीला हात टेकवताना पाहिलं नव्हतं.

“पण मी फेकलं नाहीय,” त्या म्हणाल्या.

त्यांच्या काळातली आणखी एक शिस्त. काढलेलं द्रावण लगेच फेकायचं नाही. नळीत भरून, झाकण सैल ठेवून, इनक्युबेटरच्या कोपऱ्यात काही दिवस ठेवायचं. गढूळ झालं तर समजायचं की बाहेरचा जंतू शिरलाय. आम्ही दोघींनी हे कधी केलं नव्हतं, आम्हाला ते जुनाट वाटायचं. नळी कोपऱ्यात उभी होती. गढूळ नव्हती.

रेहानानं त्यातला थेंब काढून मायक्रोस्कोपखाली ठेवला. डोळा लावला. मग बाजूला झाली आणि मला हातानं पुढं ढकललं.

गोल. भरीव. तुतीच्या फळासारखे. साध्या पेशी मरून खाली बसल्या होत्या, आणि उपाशी, अडगळीत, कचरा म्हणून काढून टाकलेल्या स्टेम सेल मधोमध निवांत तरंगत होत्या.

आम्ही ते गोळे फोडून पुन्हा सुट्या पेशी केल्या. त्यांचे पुन्हा गोळे झाले. पुन्हा फोडले, पुन्हा झाले. स्टेम सेलची खरी खूण ती हीच. रेहानाचं मत असं, की मॅडमच्या हातून जी वाचली तिला केमो काय करणार.

गोळे सापडले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या जागेवर मॅडमच्या अक्षरात कागद चिकटवलेला होता: ‘तरंगणाऱ्यांना हात लावू नये. यात मीही आले.’

*

त्या दिवसांत नवऱ्याचा रोज अकोल्याहून फोन यायचा. एकदा त्यानं विचारलं, कशी आहे? मी म्हटलं, आज मस्त गोल झालीय, आणि एकटी नाही, बाजूला दोन-तीन आणखी जमल्यात. तो म्हणाला, बरं, आता आपल्या पोरीचं सांग.

*

रिव्ह्यू. पुण्याचे सर आले, कमिटीतले आणखी दोघं आले. मी बोलताना माझ्या हातातला पॉइंटर भिंतीभर फिरत होता, त्यामुळं सगळेच आकडे मी अधोरेखित केल्यासारखे झाले.

शेवटचा प्रयोग चाळणीचा होता. बारीक भोकांची एक चाळणी, वर पेशी, खाली खाऊ. साध्या पेशी बहुतेक वरच बसून राहिल्या. गोळ्यातल्या पेशी वाट काढत खाली उतरल्या. कॅन्सर गाठीतून निघून दुसरीकडं कसा जातो, त्यातलं एक पाऊल आमच्या टेबलावर पडलेलं दिसत होतं. आणि आमच्या हाताशी असलेल्या औषधांपैकी एकानं ते पाऊल अडखळत होतं. थांबत नव्हतं, अडखळत होतं. मी तेवढंच सांगितलं. मॅडमनी शिकवलंय की अडखळलं त्याला थांबलं म्हणायचं नाही.

सर स्वतः मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले. कितीतरी वेळ उठलेच नाहीत. मग मॅडमकडं वळून म्हणाले, “फारच उत्तम वाढल्यात. ही लाइन तुम्ही कुठून मागवली?”

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“धामणगावहून,” त्या म्हणाल्या. “अकोल्यामार्गे.”

प्रोजेक्ट चालू राहिला. माझी पीएचडीही. रेहानानं त्या दिवशी अम्मीला फोन करून सांगितलं, की आता जे मिळालं ते रिव्ह्यूतही दाखवता आलं.

*

पण मला कुणी लॅबचा एकच किस्सा सांग म्हटलं, तर मी रिव्ह्यूचा सांगत नाही. त्याच्या आदल्या दिवशीचा सांगते.

आम्ही तिघी सकाळपासून तयारीत होतो. गोळे जिवंत होते, पण उद्यापर्यंत राहतील का? कालपेक्षा थोडे कमी चमकदार दिसतायत का? दर थोड्या वेळानं मी उठून बघत होते, आणि रेहाना म्हणत होती, ताई, सारखं बघून त्यांना नजर लागेल.

दार वाजलं. दारात वच्छलाबाई. अकोल्याला तपासणी करून धामणगावला परत निघाल्या होत्या, आणि मधेच बडनेऱ्याला उतरून लेकीला घेऊन ऑटोनं आमच्याकडं आल्या होत्या. निम्म्या झाल्या होत्या. हातात एक छोटा डबा, ऑपरेशननंतर थोडं थोडं सारखं खावं लागतं म्हणून. मान मात्र आता सरळ.

म्हणाल्या, कुंडी पाह्याले आली.

मॅडमनी समजावलं, की असं दाखवायचा नियम नाही, सॅम्पलला नाव नसतं, कुणाचं काय ते आम्ही सांगत नाही. वच्छलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “नाव नसू द्या. माहं हाये ते मले मालूम हाये.”

बाहेरच्या खोलीतल्या मायक्रोस्कोपसमोरची स्वतःची खुर्ची मॅडमनी मागं ओढली आणि वच्छलाबाईंना बसायला दिली.

मी प्लेट ठेवली, फोकस करून दिला. त्यांनी आधी एक डोळा लावला, मग दुसरा. पदर मायक्रोस्कोपवर येत होता तो लेकीनं मागून धरून ठेवला.

“हेच काय?” त्यांनी विचारलं.

“हेच, मावशी.”

“लयच बारीक हायेत.”

त्या वर बघून मला म्हणाल्या, तुही परीक्षा हाये म्हने उद्या. हे रेहानानं सांगितलेलं, दारातच. मी हो म्हटलं. त्यांनी विचारलं, यायच्यावरच हाये काय परीक्षा? म्हटलं, यांच्यावरच. आणि हे रातच्याले मेले तं? माझा चेहरा बोलला असावा.

वच्छलाबाई पुन्हा मायक्रोस्कोपवर वाकल्या. यावेळी डोळा लावला नाही, तोंड जवळ नेलं. मॅडमचा हात प्लेटकडं पुढं आला, कारण उघड्या पेशींवर कुणी बोलायचं नसतं, आणि तसाच मागं गेला. घरातल्या वांड पोराला चारचौघांत दबक्या आवाजात दम भरतात, तशा आवाजात त्या म्हणाल्या, “आयका. माह्या घरात राहून माहंच खाल्लं तुमी. आता या पोरीले पास करा, अन् मंग मरा.”